मोर्च्याची लाईन

साथीच्या रोगांवर संशोधन करणारी माणसं साथीच्या जागी साधारणपणे साथ ओसरल्यावर पोहोचतात. आधी तिकडून पत्र येतं, मग इकडून उत्तर जातं, मग गाडी मंजूर होते, आणि गाडी मंजूर झाली की ड्रायव्हर गावाला गेलेला असतो. तोवर रोगाने आपलं काम उरकलेलं असतं. आम्ही जाऊन कोण कधी आजारी पडलं, कुठे पडलं, काय खाल्लं होतं ते लिहून घेतो आणि त्याचा तक्ता करतो. गेली सहा वर्षं मी हे करते आहे. नातेवाइकांना सांगताना याला करिअर म्हणतात.

नोकरी लागली तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता.

"तिथे माणसं बरी करतात की मोजतात?"

"मोजतात."

"बरं. मोजायलाही कुणीतरी शिकलेलं पाहिजे."

बाबांनी भिवंडीत बत्तीस वर्षं लूम चालवले. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले, त्यामुळे ते जे काही बोलतात ते आमच्या चाळीच्या दोन्ही मजल्यांसाठी असतं. मला मोजायची नोकरी लागली ही बातमी चाळीला त्याच क्षणी कळली. पेढे वाटायची गरज उरली नाही.

त्यांचं दुसरं काम पत्रकं लिहिणं. युनियनचं प्रत्येक पत्रक त्यांच्या हातचं. गुलाबी नाहीतर पिवळ्या, स्वस्तातल्या कागदावर छापलेले गठ्ठे आमच्या खाटेखाली असत आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे. माझी अक्षरओळख 'कामगार बंधूंनो' पासून सुरू झाली. स्वल्पविरामाच्या आधी मला उद्गारचिन्ह येत होतं. शाळेत 'माझा आवडता प्राणी' या निबंधात मी म्हशीवर होणाऱ्या अन्यायाची तीन कारणं दिली आणि शेवटी तबेलेवाल्याचा धिक्कार केला. बाईंनी दहापैकी चार गुण दिले. बाबांनी तो निबंध युनियनच्या ऑफिसात उभं राहून वाचून दाखवला.

अशा मुलीला पुढे संशोधनात कुणी घेऊ नये. पण घेतलं. पहिल्याच आठवड्यात आमचे सर म्हणाले, "संशोधकाला राग नसतो. त्याला फक्त प्रश्न असतात." सरांना कँटीनच्या चहाचा राग यायचा, पण तो बहुधा संशोधनाबाहेरचा असावा.

मागच्या उन्हाळ्यात भिवंडीतून काविळीचं पत्र आलं. लूमच्या कारखान्यांमधली माणसं पिवळी पडत होती. सरांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. "तू तिथलीच ना? मग राहायची सोय बघायला नको." संस्थेत माझ्या जन्मगावाचा उपयोग झाल्याची ती पहिलीच वेळ.

वॉर्ड ऑफिसात आरोग्याचं काम बघणारे एक साहेब होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि ते सीलबंद बाटलीतलं आहे याची मी नोंद घेण्याआधीच म्हणाले, "मॅडम, तपास झालेला आहे. बिशीचा प्रॉब्लेम आहे. आम्ही बिशी बंद केली. तुमचा रिपोर्ट फक्त जोडायचाय."

बिशी म्हणजे लूम कामगारांची खानावळ. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून एकटे आलेले पुरुष कारखान्याशेजारच्या खोलीत झोपतात आणि ठरलेल्या बिशीत दोन्ही वेळ जेवतात. साहेबांनी जी बंद केली होती ती आमच्या गल्लीतली. पंधरा दिवसांनी सुनावणी. माझ्या रिपोर्टात दोष बिशीचा निघाला तर ती कायमची बंद.

ती बिशी मावशींची. मावशी अंजूरकडच्या. खाडीकाठची त्यांची शेती गोदामांखाली गेली, ती त्यांच्या दिरांच्या नावावर होती. नवरा लूमवर, युनियनमध्ये बाबांचा उजवा हात. तो गेल्यावर मावशींनी चूल हीच नोकरी केली. माझी आई राहनाळला गोदामात पॅकिंगला जायची, त्यामुळे शाळा सुटल्यावर मी रोज मावशींकडे जेवायचे. पन्नास-साठ घामेजलेल्या पुरुषांच्या पंगतीत मला वेगळं ताट असायचं आणि भाकरीवर तुपाचा थेंब. माझ्या शरीरातली निम्मी हाडं त्या बिशीची आहेत.

दारावर चिकटवलेल्या नोटिशीखाली मावशी पाय पसरून बसल्या होत्या.

"आलीस, बाय? काय लिवणार हायस माझ्याबद्दल?"

"खरं असेल ते."

"मंग काय भ्याव न्हाय," त्या म्हणाल्या. "खरं तर आपल्याच बाजूचं असतं. तुजा बाप सांगायचा."

एकही रुग्ण बघायच्या आत मला गुन्हेगार सापडला होता. मोठी पाइपलाइन, तिची देखभाल न करणारे लोक आणि सीलबंद पाणी पिणारे साहेब. संशोधनात याला गृहीतक म्हणतात. पत्रकात याला भूमिका म्हणतात. मला त्या दिवशी दोन्हीत फरक दिसला नाही.

मग संस्थेचा फॉर्म घेऊन खोल्यांमधून फिरले. फॉर्म फार विचारपूर्वक केलेला होता. घरात फ्रिज आहे का, पाळीव प्राणी आहेत का, कुटुंबप्रमुखाचं नाव काय. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण दिवसा झोपतात, तेच सहा उठून कामावर गेले की दुसरे सहा त्याच चटयांवर आडवे होतात. मी विचारलं, "कुटुंबप्रमुख कोण?" एक जण डोळे चोळत म्हणाला, "मॅडम, आज जिसकी पानी भरने की बारी है, वही."

आजारी माणसं जिथे राहतात तिथे मी नकाशावर लाल ठिपके दिले. ठिपके सगळ्या वस्तीत विखुरलेले निघाले. या गल्लीत चार, त्या गल्लीत तीन, पलीकडे पाच. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. रोग एका जागी नाही, म्हणजे बिशीचा नाही, म्हणजे मुख्य पाइपलाइनचा. मी त्याच दिवशी प्राथमिक अहवाल लिहून सरांना पाठवला. सरांचा फोन आला.

"अहवाल वाचला. 'निर्लज्ज' हा शब्द तीनदा आलाय."

"परिस्थितीच तशी आहे, सर."

"जर्नल विशेषणं घेत नाही. आणि नकाशा तुला पाहिजे तसा आलाय का आहे तसा?"

तो मला सरांचा नेहमीचा तोरा वाटला.

घरी नकाशा जमिनीवर पसरला. बाबा चष्मा लावून वाकले.

"हे लाल काय?"

"आजारी माणसं. जिथे राहतात तिथे."

"राहतात म्हणजे?"

"म्हणजे झोपतात."

"बारा तास लूमवर असतो तो. झोपायला येतो फक्त. झोपून कावीळ होते का?" हे चाळीच्या दोन्ही मजल्यांनी ऐकलं. "जेवतो कुठे ते विचारलंस?"

फॉर्मात तो प्रश्न नव्हता. कासव पाळलंय का याला चौकोन होता, जेवता कुठे याला नव्हता. आणि फॉर्म करणाऱ्यांना भिवंडी माहीत नव्हती हे ठीक आहे. मी मात्र दहा वर्षं बिशीत जेवले होते.

पुढचे चार दिवस मी शिफ्ट बदलताना कारखान्यांच्या दाराशी उभी राहिले, सकाळी आणि संध्याकाळी. एकच प्रश्न. "बीमार होने से पहले कौनसी बिशी?" नवीन नकाशा काढला. विखुरलेले ठिपके एकेक करून सरकले आणि जवळपास सगळे एकाच दारात येऊन बसले. मावशींच्या.

तीन माणसं मात्र तिथे जेवत नव्हती. एक रिक्षा दुरुस्त करणारा आणि दोन दर्जी. ते उरले म्हणून मला बरं वाटलं. तीन माणसांना कावीळ झाल्याचं समाधान वाटणारी व्यक्ती म्हणजे संशोधक, ही व्याख्या मला तेव्हा सुचली.

मी मावशींकडे गेले. सुनावणीला सहा दिवस होते.

"मावशी, पिण्याचं पाणी कुठून भरता?"

"नळाचं. दुसरं कुठलं?"

"बाकीच्या बिशीवाल्यांकडे टँकर येतो."

"त्यांना हौस हाय. मी न्हाय घेत टँकर. आपली लाईन असताना कशाला?" त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. नळ तिथे होता, आणि नळावर संगमरवरी पाटी. "पयलं पानी जरा गढूळ येतं. लोक सोडून देतात गटारात. मी न्हाय सोडत. पिंपात घेते, तुरटी फिरवते. काचेवानी होतं बग."

"उकळता?"

"साठ माणसांचं पानी? कशावर, तुज्या डोक्यावर?"

रिक्षा दुरुस्त करणारा आणि दोघे दर्जी त्याच भिंतीच्या पलीकडे बसायचे. तहान लागली की मावशींच्या पिंपातला पेला. तुरटीने पाणी दिसायला स्वच्छ होतं. रोगाला दिसण्याशी काही घेणंदेणं नसतं.

"मावशी, ही लाईन कुठून येते?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "इसरलीस? पाइपांच्या ढिगावर बसून वडापाव खात होतीस की. मोर्च्याची लाईन. तुज्या बापानं टाकली."

नळ लहानपणापासून बघत होते, तो कसा आला ते मला तेव्हा आठवलं. मी चौथीत होते. गल्लीला पाणी नव्हतं. सात मोर्चे झाले, त्यांच्या पत्रकांच्या घड्या मी घातल्या होत्या. आश्वासन मिळालं, पाइप आले, आणि टाकायला कुणी येईना. तेव्हा युनियनने एका रविवारी, लूम बंद असताना, लाईन स्वतःच टाकली. रस्ता फोडायला परवानगी नव्हती. गटार मात्र आयतंच खणलेलं होतं, म्हणून पाइप गटारातून नेला. दुपारी सांधे जुळवताना प्लंबरचा ताग संपला. पाइपाच्या आट्यांवर तो गुंडाळून वर सफेदा लावला की सांधा गळत नाही. रविवारी दुकानं बंद. कुणीतरी म्हणालं, आपण कापड विणणारी माणसं, आपल्याकडे सुताला काय तोटा. आणि कारखान्यातून सुताच्या कांड्या आल्या. दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात बाबांनी लिहिलं होतं की ही लाईन आमच्या सुताने बांधली आहे, तिचा एक थेंबही आम्ही वाया जाऊ देणार नाही. ते वाक्य मला तोंडपाठ होतं. मावशींनाही. फक्त मी ते नुसतं म्हणत होते आणि मावशी पाळत होत्या, पहिल्या गढूळ थेंबापासून.

घरी गेले. बाबांना सांगितलं. पाणी बंद असताना पाइप रिकामा होतो, सांधा गळका असेल तर गटारातलं आत ओढलं जातं, मग नळ आला की ते सगळ्यात आधी बाहेर येतं. नेहमी त्यांच्या कानाशी ओरडून सांगावं लागतं. त्या दिवशी मी हळू बोलले आणि त्यांनी सगळं ऐकलं.

युनियन संपली, ऑफिसच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. कारखाने एकेक करून लूम भंगारात घालतायत. बाबांच्या सगळ्या आयुष्यातली टिकलेली एकच गोष्ट गटारातून जाणारा तो पाइप होता. कुणी पाहुणा आला की ते त्याला नळ दाखवायला न्यायचे. इतर लोक पाहुण्यांना वज्रेश्वरीला नेतात.

"सूत कापसाचं होतं," ते म्हणाले. "ताग टिकतो. कापूस कुजतो. हे मला कळायला पाहिजे होतं. जन्म सुतात गेला."

"बघितल्याशिवाय कसं म्हणायचं?"

"चल. सांधे कुठे आहेत ते मला माहीत आहे."

दुसऱ्या सकाळी गटाराच्या तीन लाद्या त्यांनी अचूक दाखवल्या. पाण्याच्या खात्यातला फिटर होता, त्याने पाना लावला. पहिला सांधा पाना लावताच निसटला. आट्यांमधून काळा चिकट लगदा निघाला. बाबांनी तो चिमटीत धरला, बोटांनी चोळला आणि म्हणाले, "वीसचा काउंट." म्हणजे सुताची जाडी. कुजलेल्या सुताचाही काउंट ओळखणारे माझे वडील. फिटर हसला, आणि त्यांच्याकडे बघून पुढच्या सांध्याकडे वळला. सांध्यातल्या पाण्याचे नमुने मी घेतले. त्यांच्या निकालात पुढे जे आलं ते गटारात जे असतं तेच होतं.

सुनावणीला साहेबांनी नकाशा काढला.

"ही लाईन आमच्या कागदावर नाहीच. म्हणजे अनधिकृत. बाईंनी अनधिकृत कनेक्शन घेतलं, म्हणजे दोष बाईंचाच. तुमच्या रिपोर्टाने आमचं म्हणणं पक्कं झालं, मॅडम. थँक यू."

मी मोबाइलवरचा फोटो पुढे केला. नळावरची संगमरवरी पाटी. 'यांच्या अथक प्रयत्नांतून' आणि खाली एक नाव. लाईन टाकताना ते गृहस्थ कुठेच नव्हते. फीत कापायच्या दिवशी बरोबर पोहोचले होते. साहेबांनी फोटो मोठा करून नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"हे अजून आहेत ना?"

"या वेळी निवडणुकीला उभे आहेत."

"मग आपण लाईनला अनधिकृत नको म्हणू या. जुनी म्हणू." त्यांनी पेन फिरवलं. "पण जुन्या लाईनचा सांधा बाईंनीच छेडला नसेल कशावरून? भांडी घासताना, धुताना. सांधा मुळातच कच्चा होता असं लिहून कोण देणार?"

मावशी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी बाबांकडे बघितलं नाही, हे मला दिसलं. त्यांना कबुली मागायची नव्हती.

बाबांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. रात्रीच लिहून आणला होता. घडी पत्रकाची, मधोमध आणि पुन्हा मधोमध. लाईन कुणी टाकली, कुठून नेली, सांध्याला काय वापरलं, कुणी ठरवलं. ठरवणाऱ्याच्या जागी स्वतःचं एकट्याचं नाव. साहेबांनी वाचून विचारलं, "काका, तुम्हाला माहितीये ना तुम्ही काय लिहून देताय?"

"मी आयुष्यभर लिहूनच देत आलोय," बाबा म्हणाले. शेजारच्या दोन खोल्यांमधली कामं थांबली. "वाचणारे पहिल्यांदा भेटले."

बिशीवरची नोटीस निघाली. लाईन तोडली गेली. नवी टाकायचं ठरलं आहे, तोवर टँकर. पाटी जागेवर आहे. नळाशिवायची पाटी हे आमच्या गल्लीतलं नवीन प्रेक्षणीय स्थळ.

मला वाटलं होतं मावशी बाबांचे आभार मानतील. त्यांनी दारातच अडवलं.

"ठरवणारा तू एकलाच व्हतास व्हय? सूत कुनी आनलं?"

बाबा म्हणाले, "जाऊ दे ना."

"माज्या मालकानं आनलं. खिशात कांड्या भरून. त्याचं नाव खोडलंस तू. चांगल्या कामात त्याचं नाव व्हतं, चुकीत कशापायी न्हाय?"

संध्याकाळी बाबांनी नवं पत्रक लिहायला घेतलं. युनियन नसताना. मला प्रूफ बघायला दिलं. पाणी उकळून प्या, पहिलं पाणी सोडून द्या, तुरटीने रोग जात नाही. आणि खाली, मोर्च्याची लाईन आम्ही टाकली, सूत आमचं होतं, ते कुजलं, त्याने माणसं आजारी पडली. मावशींच्या मालकाचं नाव आपल्या नावाशेजारी घातलेलं.

मी पेन्सिलीने शेवटी एक परिच्छेद वाढवला. सात मोर्चे काढायला कुणी लावले, लाईन टाकायला कुणी आलं नाही, वगैरे. चांगला झाला होता. 'निर्लज्ज' एकदाच आला होता.

बाबांनी तो खोडला. "खोटं नाही. पण याचं वेगळं पत्रक काढ. दोन्ही एका कागदावर आलं की आपली चूक कुणी वाचणार नाही. मी पण नाही."

शिफ्ट बदलताना आम्ही दोघं कारखान्याच्या दाराशी उभे राहिलो, मी घड्या घालत, ते वाटत. एका कामगाराने दोन्ही बाजू उलटून पाहिल्या.

"चाचा, इसमें किसका मुर्दाबाद है?"

"किसीका नहीं. पानी उबाल के पियो."

त्याने कागद पुन्हा एकदा वाचला, मग चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि आत गेला.

आमचा शोधनिबंध अजून छापायचा आहे. सरांनी त्यात लाईनला 'स्थानिक समुदायाने उभारलेली अनौपचारिक जोडणी' असं म्हटलंय आणि सुताचा उल्लेख एका ओळीत आणलाय. मी मसुदा घरी वाचून दाखवला. बाबांनी ऐकून घेतलं, मग ग्लासातलं उकळून गार केलेलं पाणी प्यायले आणि चव नाही म्हणून तोंड वाकडं केलं.

"काउंट नाही लिहिला," ते म्हणाले. "वीसचा होता. घाल."

मी घातला. जर्नलवाले काढतील बहुधा.